‘दिसली नाही’ आणि ‘नाही’ यांतलं अंतर: रस्त्यावरच्या ऑनलाइन छायाचित्रांतून घाणेरी नोंदवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका संशोधक विद्यार्थिनीला घाणेरीचा, म्हणजे लँटाना कॅमराचा, रस्त्यालगतचा आढळ सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांवर नोंदवायचा आहे. फील्डसाठी वेळही तोकडा आणि पैसाही. गूगल स्ट्रीट व्ह्यूसारख्या सेवेवर रस्त्याकडेची छायाचित्रं बघून घरबसल्या नोंदी केल्या तर त्या डेटा म्हणून चालतील का, असं ती विचारते. तिचा भाग भारताबाहेरचा, आणि तिथली दहा-बारा वर्षांपूर्वीची छायाचित्रंही उपलब्ध आहेत. मग झुडूप किती वेगाने पसरलं तेही त्यातूनच काढता येईल का? आणि परीक्षक याला फील्डवर्क मानतील का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. दुसऱ्याचं, तुम्हाला वाटतंय त्या सरळ वाटेने नाही. तिसऱ्याकडे शेवटी येतो.

मी हे काम बरीच वर्षं करतोय, आणि खरं सांगायचं तर सुरुवात कंटाळ्यापोटी झाली. फील्डला निघण्याआधी रस्ता कसा आहे, गाडी कुठे लावता येईल, हे बघायला मी स्ट्रीट व्ह्यू उघडायचो. एकदा लक्षात आलं की ज्या झुडपासाठी उद्या पहाटे निघायचंय ते पडद्यावर समोरच उभं आहे. तेव्हा जो मोह होतो तोच तुम्हाला झालेला दिसतो. मोहात वाईट काही नाही. त्यापुढे काय काय घडतं ते सांगतो.

ही वाट मळलेली आहे. २०१३ मध्ये फ्रान्समध्ये पाइन प्रोसेशनरी मॉथ या पतंगाचा आढळ स्ट्रीट व्ह्यूवरून काढता येतो का ते तपासलं गेलं. या पतंगाच्या अळ्या पाइनच्या फांद्यांवर रेशमाचे पांढरे गोळे विणतात आणि हिवाळा त्यात काढतात, त्यामुळे घरटं लांबूनही ओळखू येतं. संशोधकांनी प्रदेशावर चौकोनांची जाळी टाकली, प्रत्येक चौकोनात पतंग आहे की नाही ते पडद्यावरून ठरवलं आणि फील्डच्या नोंदींशी ताडून पाहिलं. १६ किलोमीटर बाजूच्या चौकोनांत ९६ टक्के नोंदी जुळल्या. दुसऱ्या एका भागात २ किलोमीटरचे चौकोन घेतले, तिथे जुळणी ४६ टक्क्यांवर आली.

हे दोन आकडे भिंतीवर चिकटवून ठेवण्यासारखे आहेत. पतंग तोच, सेवा तीच, बघण्याची रीतही तीच. मोठ्या चौकोनात रस्त्यांची लांबी भरपूर असते आणि ‘आहे’ म्हणायला त्यातलं एक घरटं पुरतं. लहान चौकोनातून जाणारा एकुलता रस्ता पाइनच्या झाडांजवळून जाईलच असं नाही. झाडं शेतामागे असली तर घरटं आहे आणि कॅमेरा मात्र दुसरीकडून गेलाय. म्हणजे पडद्यावरच्या नोंदीचा खरेपणा नुसत्या चित्रावर ठरत नाही. तुम्ही कोणत्या आकाराच्या जागेबद्दल विधान करता त्यावरही ठरतो. तुमच्या ४०० किलोमीटरचे तुकडे कसे पाडायचे, हा निर्णय बाकी सगळ्याआधीचा. १०० मीटरच्या तुकड्याबद्दल बोलणार असाल तर हे साधन कच्चं पडेल. ५ किलोमीटरच्या तुकड्यात घाणेरी आहे की नाही, एवढंच सांगायचं असेल तर बरंच पक्कं ठरेल.

दुसरं उदाहरण झाडांचं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रस्त्याकडेच्या ५९७ झाडांच्या फील्डमधल्या नोंदी आणि स्ट्रीट व्ह्यूवरून केलेल्या नोंदी शेजारी ठेवल्या गेल्या. ९३ टक्क्यांहून अधिक झाडं पडद्यावरही सापडली. ओळख वंशापर्यंत ९० टक्के झाडांची जुळली, प्रजातीपर्यंत मात्र ६६ टक्के. लहान झाडं आणि विरळ आढळणाऱ्या जाती यांत जास्त चुका झाल्या. खोडाचा व्यास पडद्यावर कमी भरला, पण बघणाऱ्याचा हात बसत गेला तसा अंदाज सुधारला. हे शेवटचं वाक्य अनेकजण वाचून सोडून देतात. त्याचा अर्थ असा की पहिल्या आठवड्यातल्या आणि पाचव्या आठवड्यातल्या तुमच्या नोंदी एकाच मापाच्या नसतात. तुम्ही रस्त्याच्या उत्तर टोकाकडून दक्षिणेकडे क्रमाने बघत गेलात, तर दक्षिणेत घाणेरी जास्त असल्याचं ‘आढळेल’. ती तिथे खरंच जास्त असेल, किंवा तोवर तुमची नजर तयार झाली असेल. नंतर काही केल्या हे दोन वेगळे काढता येत नाहीत. म्हणून ठिकाणांचा क्रम सुरुवातीलाच पिसून घ्या, पत्ते पिसतात तसा.

काही वेळा जीव स्वतः दिसण्याची गरजही नसते. उत्तर स्पेनमध्ये कड्यांवर घरटी करणाऱ्या गिधाडांसाठी स्ट्रीट व्ह्यू वापरला गेला तो त्यांच्या अधिवासाची, म्हणजे कड्यांची, पारख करायला. पक्षी उडून जातो, कडा कुठे जात नाही. तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण पुढेमागे प्राण्यांवर काम केलंत तर आठवेल.

आता घाणेरी. ती कॅमेऱ्याला दिसते का, हे अंदाजाने ठरवू नका, गणित करा. अलीकडच्या पॅनोरमाची, म्हणजे एका जागेवरून चहूबाजूंनी घेतलेल्या चित्राची, रुंदी १६,३८४ पिक्सेलपर्यंत असते. ती ३६० अंशांत वाटली की एका अंशाला साधारण ४५ पिक्सेल येतात. घाणेरीचा फुलोरा ३ सेंटिमीटरचा धरा. १० मीटरवरून तो ०.१७ अंशाएवढा दिसतो, म्हणजे जेमतेम ८ पिक्सेल. पिवळा-गुलाबी ठिपका, बाकी काही नाही. २५ मीटरवर तोच ३ पिक्सेलचा होतो, आणि मग ते फूल आहे, वाळकं पान आहे की फांदीला अडकलेला वेफर्सचा कागद, हे देवच जाणे. पण २ मीटर उंचीचं अख्खं झुडूप २५ मीटरवरही २०० पिक्सेलच्या वर असतं. म्हणजे जवळ फुलावरून, लांब ठेवणीवरून ओळखायचं, आणि यांतलं कशावरून ओळखलं ते प्रत्येक नोंदीसमोर लिहायचं. याच हिशेबाने गाजरगवत घ्या. त्याचं पांढरं फूल ४-५ मिलिमीटरचं, १० मीटरवर एका पिक्सेलच्या आसपास. घाणेरी जमते म्हणून गाजरगवतही जमेल, असं अजिबात नाही. आणखी एक अडचण: सेवेकडून प्रोग्रॅमने मागवलेलं चित्र बहुधा ६४० गुणिले ६४० पिक्सेलचं मिळतं. ते ९० अंशांच्या दृश्याचं मागवलंत तर अंशाला जेमतेम ७ पिक्सेल, म्हणजे १० मीटरवरचा फुलोरा एका पिक्सेलचा. दृश्याचा कोन २० अंशांवर आणा, तेवढ्याच आकारात अंशाला ३२ पिक्सेल मिळतील. चित्रं जास्त मागवावी लागतील आणि खर्च वाढेल, पण नाहीतर तुम्ही धुकं मोजताय.

यानंतरचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. विद्यार्थ्यांच्या तक्त्यात बहुतेकदा एकच रकाना असतो: आहे, नाही. मी तीन पर्याय ठेवायला लावतो. ‘दिसली’, ‘बघता आलं, पण दिसली नाही’ आणि ‘बघताच आलं नाही’. रस्त्याकडेला कुंपणाची भिंत आहे, शेजारून ट्रक चाललाय, कॅमेऱ्यावर ऊन आलंय, रस्ता खोलगट कापलेला आहे आणि दोन्ही बाजूंना नुसती माती दिसतेय, कडेला उंच गवत आहे, चित्र रात्रीचं किंवा पावसातलं आहे. अशा ठिकाणी ‘नाही’ लिहिणं म्हणजे बंद दारावरून घर रिकामं ठरवणं. सुरुवातीला मीही ते करायचो. एका कामात माझे ‘नाही’ नकाशावर एका पट्ट्यात गोळा झालेले दिसले, आणि मी त्याला मातीचं कारण जोडून दोन परिच्छेदही लिहिले. नंतर कळलं की त्या पट्ट्यात रस्त्याला सलग आवाजरोधक भिंत आहे. परिच्छेद खोडले. तेव्हापासून हा तिसरा पर्याय.

प्रत्येक ठिकाणी उजवीकडे आणि डावीकडे साधारण किती मीटरपर्यंत दिसतं, तेही टाका: ५ च्या आत, ५ ते २०, २० च्या पुढे. एवढं जाडसर चालतं. या एका रकान्यामुळे तुमची मेहनत ‘किती किलोमीटर पाहिले’ याऐवजी ‘किती जागा खरोखर दिसली’ या मापात येते. कॅमेरा किती उंचीवर आहे याचाही इथे संबंध येतो. गूगलच्या गाडीवरचा कॅमेरा साधारण अडीच मीटरवर असतो. जपानमध्ये लोकांच्या कुंपणापलीकडचं दिसतं अशी तक्रार झाल्यावर २००९ मध्ये तो ४० सेंटिमीटर खाली घेऊन पुन्हा चित्रण करावं लागलं. ४० सेंटिमीटरने घराचं अंगण झाकलं जात असेल तर झुडूपही झाकलं जाईल. दोन देशांच्या चित्रांची तुलना करताना हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

पडताळणीकडे वळतो. इथे एक चूक इतक्या वेळा पाहिलीय की आता मी आधीच विचारतो. लोक पडद्यावर ‘दिसली’ म्हटलेल्या जागा फील्डमध्ये जाऊन तपासतात, ९५ टक्के बरोबर निघतात, आणि पद्धत खरी ठरली म्हणून मोकळे होतात. पण घाणेरी नसताना ती दिसल्याची चूक तशीही कमीच असते. असून न दिसण्याची चूक कुठे लपलीय? ज्या जागांवर तुम्ही गेलाच नाहीत तिथे. समजा ३०० ठिकाणं पाहिली, ९० ठिकाणी दिसली, २१० ठिकाणी बघता येऊनही दिसली नाही. त्या २१० मधली ४० ठिकाणं चिठ्ठ्या टाकून निवडलीत आणि फील्डवर त्यांतल्या ८ ठिकाणी घाणेरी निघाली. म्हणजे पाचात एक. २१० मध्ये सुमारे ४२ ठिकाणी ती तुमच्या नजरेतून सुटली. खरी ठिकाणं १३२ च्या आसपास, तुम्हाला सापडली ९०, म्हणजे शोधक्षमता ६८ टक्के. हा आकडा हातात असला की बाकी चर्चेला अर्थ येतो. तो नसेल तर ९५ टक्के नुसता मिरवायला. फील्डचं अंदाजपत्रक लहान असेल तर माझ्या मते दोन-तृतीयांश फेऱ्या ‘दिसली नाही’ वर खर्च करा.

हे संख्याशास्त्राच्या चौकटीत नीट बसवायचं तर डॅरिल मॅकेंझी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेली ऑक्युपन्सी मॉडेलं बघा. एकाच जागी वारंवार पाहणी करून ‘तिथे आहे का’ आणि ‘असेल तर दिसते का’ या दोन शक्यता वेगळ्या काढायच्या, ही त्यांची मूळ युक्ती. मात्र २०१२, २०१६ आणि २०२१ ची चित्रं या तीन ‘फेऱ्या’ धरू नका. त्या मॉडेलमध्ये फेऱ्यांच्या दरम्यान जागेची स्थिती बदलत नाही असं गृहीत आहे, आणि नऊ वर्षांत झुडूप येतं, जातं, जळतं, कापलं जातं. त्याऐवजी एकाच तारखेची चित्रं दोन-तीन निरीक्षकांकडून एकमेकांना न विचारता तपासून घ्या. तसंच एकच जागा शेजारच्या पॅनोरमातून वेगळ्या कोनातून बघा. पॅनोरमा साधारण दहा-दहा मीटरवर असतात, त्यामुळे कोन मुबलक मिळतात. याचा जोडफायदाही आहे: दोन पॅनोरमांतून एकाच झुडपाची दिशा घेतली की दोन रेषा जिथे छेदतात तिथे झुडूप. सेवेने दिलेले अक्षांश-रेखांश कॅमेऱ्याचे असतात, झाडाचे नव्हेत. ही गोष्ट विसरून रस्त्याच्या मधोमध उगवलेल्या वनस्पतींचे नकाशे मी तपासले आहेत.

तारखेबद्दल. सेवा तुम्हाला वर्ष आणि महिना देते, दिवस नाही. माहितीची ही विनंती स्वतंत्रपणे करता येते आणि तिला पैसे पडत नाहीत, म्हणून चित्रं मागवण्याआधी सगळ्या ठिकाणांचे महिने काढून घ्या. बऱ्याचदा कळतं की आपल्या जाळ्यातला एक भाग ओल्या ऋतूत टिपलाय आणि दुसरा कोरड्या. मग नकाशावर दिसतो तो ऋतू. घाणेरी अनेक ठिकाणी वर्षाचा बराच काळ फुलते, ती तुमची जमेची बाजू. पण कोरड्यात पानं गळून नुसत्या काटक्या उरल्या की तिला चित्रावरून ओळखणं अवघड होतं. महिना हा मॉडेलमध्ये शोधक्षमतेचा घटक म्हणून घ्या, किंवा ठरावीक महिन्यांबाहेरची ठिकाणं सरळ ‘बघता आलं नाही’ मध्ये टाका. मी दुसरं करतो. आकडा घटतो, झोप लागते.

ऋतूवरून एक सुंदर काम आठवलं, रस्त्यावरचंच आहे. बेल्जियममधल्या संशोधकांनी ‘टूर ऑफ फ्लँडर्स’ या सायकल शर्यतीचं १९८१ ते २०१६ मधलं दूरदर्शन चित्रण, २०० तासांहून जास्त, पुन्हा पाहिलं. सायकलस्वारांकडे दुर्लक्ष करून मागची झाडं बघितली. शर्यत दरवर्षी एप्रिलच्या सुरुवातीला, त्याच चढांवरून. सुरुवातीच्या वर्षांत जी झाडं त्या दिवशी निष्पर्ण असायची त्यांतल्या बऱ्याच झाडांवर अलीकडे पालवी दिसू लागली होती. इथे जागा तीच, झाड तेच, तारीख जवळपास तीच. स्ट्रीट व्ह्यूच्या गाडीला यातलं कसलंच बंधन नाही. ती तिच्या सवडीने येते. दुसऱ्याने दुसऱ्या कामासाठी काढलेलं चित्र दोन्हीकडे आहे, पण एकात वेळापत्रक आपोआप मिळालंय.

आणि यातूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो: प्रसाराचा वेग. २०१४ पासून गूगलने जुनी चित्रं बघण्याची सोय दिली. जिथे चित्रण २००७-०८ पासून आहे तिथे हा खजिनाच वाटतो. (सगळीकडे तो तितका खोल नाही. जर्मनीत २०१० मध्ये २० शहरांपुरती आलेली सेवा पुढच्याच वर्षी थांबली आणि नवी चित्रं २०२३ मध्ये आली. भारतात ती २०२२ मध्ये सुरू झाली.) मीही एकदा जुनं-नवं शेजारी ठेवून एका आक्रमक झुडपाचा प्रसार मोजला. दोन चित्रणांत आढळ जवळजवळ दुप्पट झालेला दिसला. आलेख देखणा होता. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने तो पाहून एवढंच विचारलं, ‘या रस्त्यांवर विजेचे खांब किती वाढले?’ मला प्रश्न कळला नाही. ते म्हणाले, ‘मोजून बघ.’ खांबांवरच्या छोट्या क्रमांकपट्ट्या मी दोन्ही वर्षांच्या चित्रांत मोजल्या. त्याही दुप्पट झाल्या होत्या. खांब होते तेवढेच होते.

वाढला होता कॅमेरा. सुरुवातीच्या पिढीतले पॅनोरमा ३,३२८ पिक्सेल रुंदीचे, म्हणजे अंशाला ९ पिक्सेल. वर केलेलं फुलोऱ्याचं गणित पुन्हा करा: १० मीटरवर दीड पिक्सेल. २००८ मध्ये ते झुडूप तिथे नव्हतं की कॅमेऱ्याला दिसलं नव्हतं, हे त्या चित्रातून कळायला मार्गच नाही.

यावर दोन उपाय आहेत आणि मी दोन्ही वापरतो. पहिला, नवं चित्र जुन्याइतकंच धूसर करा, म्हणजे अंशाला ९ पिक्सेल उरतील इतकं लहान करून पुन्हा मूळ आकारात ताणा, आणि निरीक्षकाला वर्ष न सांगता दोन्ही दाखवा. धूसर केलेल्या नव्या चित्रातही घाणेरी दिसली आणि जुन्यात दिसली नाही, तर बदलावर विश्वास ठेवायला जागा आहे. तरी जुन्या भिंगाचा रंग आणि उजेड वेगळा असतो, ते धूसर करून भरून निघत नाही. म्हणून दुसरा उपाय: खांबांच्या पट्ट्यांसारखी जी संख्येने बदललेली नाही आणि दिसायला तितकीच अवघड आहे, अशी एखादी साक्षीदार वस्तू घाणेरीबरोबर मोजा. साक्षीदार जितका ‘वाढला’ तितकी वाढ कॅमेऱ्याची. हे करून माझी दुप्पट वाढ जी काही उरली ती छापण्याजोगी नव्हती. तुमची कदाचित असेल.

रस्त्याचा स्वतःचा कल वेगळाच. रस्त्याची कड म्हणजे खणलेली माती, वाहून आलेलं पाणी, चाकांना चिकटून आलेलं बी, भरपूर ऊन आणि अधूनमधून छाटणी. आक्रमक वनस्पतींना ही जागा मानवते, म्हणून रस्त्यावरून मोजलेला आढळ आतल्या जंगलाला लावता येत नाही. तुमचा विषयच रस्त्यालगतचा आढळ असल्याने तुम्ही बऱ्याच वाचलात; फक्त ‘रस्त्यालगतचा’ हा शब्द प्रबंधाच्या शीर्षकातून आणि निष्कर्षातून गळू देऊ नका. मोठ्या रस्त्यांवर गाडी वारंवार येते, लहान रस्त्यांवर क्वचित, काहींवर कधीच नाही. त्यामुळे ठिकाणं निवडताना रस्त्यांचे प्रकार पाडा आणि प्रत्येक प्रकारातून वेगळी सोडत काढा. दुभाजक असलेल्या रस्त्यावर दोन्ही दिशांची चित्रं असतात. तेच झुडूप दोनदा मोजलं जातं. दोन पॅनोरमा जिथे जोडलेत तिथे खोड तुटतं किंवा एकाचे दोन होतात, आणि चेहरे व गाड्यांचे क्रमांक पुसणारी यंत्रणा कधीकधी पानांनाही पुसते. हे सगळं पहिल्या दिवशीच लक्षात येईल.

संगणकाला शिकवून मोजता येईल का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. येतं. झाडांच्या बाबतीत त्यावर बरंच काम झालंय. ऑटो आर्बोरिस्ट नावाच्या, २०२२ मध्ये आलेल्या संचात उत्तर अमेरिकेतल्या २३ शहरांतली २५ लाखांहून अधिक झाडं आहेत. ४०० किलोमीटरसाठी मी ती खटपट करणार नाही, डोळ्यांनीच बघेन. करायचीच असेल तर एक धोका सांगतो. शिकवायची आणि परीक्षेची चित्रं सरसकट मिसळून वाटलीत तर एकाच झुडपाचं एक चित्र शिकवण्यात आणि दहा मीटरवरून काढलेलं दुसरं परीक्षेत जातं. प्रश्नपत्रिका फुटल्यासारखंच. गुण छान येतात, नव्या रस्त्यावर सगळं कोसळतं. वाटणी रस्त्यांच्या अख्ख्या पट्ट्यांनुसार करा.

आता कायद्याची बाजू, जी खरं तर आधी विचारायला हवी होती. गूगलच्या वापराच्या सूचनांत स्ट्रीट व्ह्यूच्या चित्रांवरून रेखून नवा डेटा तयार करणं, चित्रं उतरवून वेगळी साठवणं आणि प्रोग्रॅम लावून त्यांतून माहिती काढणं याला मनाई आहे. असं करून छापलेले अभ्यास ढिगाने आहेत हे खरं, पण दुसऱ्याने सिग्नल तोडला म्हणून आपल्यासाठी तो हिरवा होत नाही. वरचं गणित आणि रीत कुठल्याही चित्रांना लागू आहे, तेव्हा निवड विचारपूर्वक करा. मॅपिलरी या रस्त्यावरच्या चित्रांच्या सेवेवर लोकांनी टाकलेली चित्रं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्याखाली असतात. ती विस्कळीत आहेत, कुणी मोबाइलने तर कुणी हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याने काढलेली, पण साठवता येतात, पुन्हा तपासता येतात. गूगलच वापरायचं असेल तर तुमच्या संस्थेकडून लेखी परवानगीची वाट धरा, आणि अटी सही करण्याच्या दिवशी पुन्हा वाचा, त्या बदलत असतात.

मी अलीकडे तिसरंच करतो: गाडीच्या टपावर ३६० अंशांचा कॅमेरा लावून पडताळणीच्या फेरीतच स्वतःची चित्रं घेतो. त्याच दिवशी फील्डची नोंद आणि त्याच दिवसाचं चित्र, त्यामुळे पडताळणीतला जुन्या तारखेचा घोळ मिटतो. चार वर्षांपूर्वीच्या चित्रात नसलेली घाणेरी आज फील्डवर सापडली, तर ती सुटली की नंतर उगवली, हा वाद तिथे उरत नाही. तुमच्या ४०० पैकी ४०-५० किलोमीटरवर एवढं केलंत तरी शोधक्षमतेचा आकडा निर्विवाद मिळेल.

नोंद काय काय ठेवायची, ते एका दमात: पॅनोरमाचा ओळख क्रमांक, चित्राचा महिना, कॅमेऱ्याची दिशा, वर-खाली कोन, दृश्याचा कोन, बघितल्याची तारीख, निरीक्षक, खात्रीची पातळी. चित्रं सेवेवरून काढली किंवा बदलली जातात, क्रमांकही कायम राहत नाहीत, म्हणून बघितल्याची तारीख लागतेच. दुर्मीळ किंवा तोडीची भीती असलेली वनस्पती वाटेत दिसली तर तिचं नेमकं ठिकाण प्रकाशित तक्त्यात देऊ नका.

राहिले परीक्षक. माझा अनुभव असा की त्यांना पडदा खटकत नाही. ते विचारतात: ‘नाही’ म्हटलेल्या किती जागा तुम्ही स्वतः जाऊन पाहिल्या? याचं उत्तर एका आकड्यात देता आलं तर पुढची चर्चा घाणेरीवर होते, पद्धतीवर नाही.

म्हणून सगळ्याआधी ३० ठिकाणं निवडा. तुम्ही आणि एक मैत्रीण, दोघींनी स्वतंत्र बघा. आठवड्याने क्रम बदलून तुम्ही एकट्या पुन्हा बघा. तीन याद्या शेजारी ठेवा आणि मतभेद कुठे आहेत ते पाहा. ते ‘दिसली’ आणि ‘दिसली नाही’ यांच्यात असतील तर डोळे अजून तयार व्हायचेत. फील्डवर जाऊन घाणेरी दहा मीटरवरून, वीस मीटरवरून, चालत्या गाडीतून बघून या. ते ‘दिसली नाही’ आणि ‘बघता आलं नाही’ यांच्यात असतील तर व्याख्या सैल आहे. ती कागदावर घट्ट करा, आणि मगच एकतिसावं ठिकाण उघडा.